पुण्याच्या वाड्यातून सागवानी जहाजावर

पत्राचा गोषवारा: एका वाचक भगिनीने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून पत्र लिहिले आहे. वय ६३. बालपण पुण्यात कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेले, नोकरी तीस वर्षे बँकेत झाली आणि निवृत्तीनंतर त्या मुलाच्या कुटुंबासोबत राहू लागल्या. दिवसभर घरात एकटे बसणे नको म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून हार्टलपूल येथे जतन केलेल्या ‘त्रिंकोमाली’ या दोनशे वर्षांपूर्वीच्या युद्धनौकेवर त्या रविवारी स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून उभ्या राहतात. जहाज मुंबईत बांधले गेले एवढेच त्यांना आधी ठाऊक होते. बरोबरचे बहुतेक स्वयंसेवक आरमारात किंवा व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेले आहेत, ते दोरखंडांची नावे झोपेतही सांगतील. महिन्यापूर्वी शाळेच्या मुलांना जहाज दाखवताना ‘हे नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढले’ असे त्या बोलून गेल्या. मागे नातवासह उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, अगदी सौम्य शब्दांत, ते युद्ध १८१५ साली संपले आणि जहाज १८१७ साली पाण्यात उतरले हे लक्षात आणून दिले. त्यानंतरच्या दोन रविवारी त्या गेल्याच नाहीत. त्यातच पुण्याहून भावाने फोनवर विचारले, ‘गोऱ्यांच्या आरमाराची कीर्ती गायला तू कशाला जातेस?’ त्यांचे प्रश्न असे: ह्या वयात दर्यावर्दी इतिहास शिकणे शक्य आहे का, शिकायचा तर कुठून सुरुवात करावी, की हे काम सोडून संग्रहालयाच्या दुकानात बसण्याची परवानगी मागावी?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की ज्या प्रसंगाने तुम्हाला इतके ओशाळे केले त्यात तुमच्याशी कोणीही वाईट वागलेले नाही. एका जाणत्या माणसाने दुरुस्ती केली, मुलांना बरोबर साल कळले आणि तुम्ही त्यांचे आभार मानले, हेही तुम्हीच लिहिले आहे. मग दोन रविवार घरी का बसलात? माझ्या मते त्याचे कारण त्या चुकीत नाही, मार्गदर्शक कोण असतो याविषयीच्या तुमच्या कल्पनेत आहे. तीस वर्षे तुम्ही अशा खुर्चीवर बसलात जिथे एक आकडा चुकला तर संध्याकाळी ताळेबंद जुळत नाही. ती शिस्त मोलाची आहे आणि पुढे तिचा उपयोगही सांगणार आहे. पण जहाजावर उभा असलेला स्वयंसेवक तिकीट काढून आलेल्या माणसाची तोंडी परीक्षा देत नसतो. तो त्या माणसाच्या शेजारी उभा राहून त्याच वस्तूकडे बघत असतो, फक्त आधी काही वेळा बघून झालेले असते. मी स्वतः एका वस्तुसंग्रहालयात काही वर्षे रविवारी हे काम केले आहे. पहिल्याच दिवशी गलबताच्या प्रतिकृतीपुढे एका सात वर्षांच्या मुलाने विचारले, ‘ह्यांना शी लागली तर?’ माझ्या टिपणवहीत त्या गलबताची लांबी, रुंदी आणि शिडांची संख्या होती, हे नव्हते. घरी जाऊन शोधले तेव्हा कळले की युरोपीय युद्धनौकांवर साध्या खलाशांची ती सोय जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उघड्यावर, खालच्या लाटांवर सोडलेली असे. त्या उत्तराने मला जहाजावरचा वारा, उतरंड आणि लाजलज्जा ह्यांविषयी जेवढे शिकवले तेवढे त्या वहीतल्या मापांनी शिकवले नव्हते.

आता तुमच्या चुकीकडे जरा जवळून पाहू, कारण ती मला फार मौल्यवान वाटते. त्रिंकोमाली बांधायचा हुकूम १८१२ साली निघाला तो नेपोलियनशी चाललेल्या युद्धासाठीच. ब्रिटनमधले ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते आणि मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची उत्तम जहाजे बांधली जात होती, म्हणून काम मुंबईला आले. जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून पाठवले, तर ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्या नौकेचा पाडाव केला आणि नकाशे गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, प्रत्यक्ष बांधणी १८१६ साली सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले तेव्हा ज्या शत्रूसाठी ते बांधले तो सेंट हेलेना बेटावर कैदेत होता. पुढे मुंबईहून पोर्ट्समथला जाताना १८१९च्या आरंभी त्रिंकोमालीने त्याच बेटावर मुक्काम केला आणि तिथून नेपोलियनवर उपचार केलेले एक शल्यवैद्य, जॉन स्टोको, ह्यांना प्रवासी म्हणून घेतले. म्हणजे तुमच्या वाक्यात नेपोलियन आला तो अगदीच वाट चुकून आलेला नव्हता. जहाज त्याच्याशी लढले नाही; त्याच्यासाठी बांधायला घेतले, त्याच्या पराभवानंतर तयार झाले आणि त्याच्या तुरुंगाच्या दारावरून गेले. तुमच्या चुकीच्या वाक्याहून ही गोष्ट कितीतरी सरस आहे आणि त्या गृहस्थांनी टोकले नसते तर तुम्ही तिच्यापर्यंत कदाचित पोहोचलाच नसता. जाता जाता सांगते, ते नकाशे पकडणारी कॉन्स्टिट्यूशनही आज बॉस्टनच्या बंदरात तरंगते आहे.

तुमचे दुसरे गृहीतक असे की दर्यावर्दी इतिहास म्हणजे लढाया, तोफा आणि दोरखंड, आणि तो ज्यांनी समुद्रावर आयुष्य काढले त्यांचाच विषय. तुमचे सहकारी जे जाणतात ते खरोखरच मोठे ज्ञान आहे. कोणता दोर ओढला की कोणते शीड वळते हे हातांना ठाऊक असणे पुस्तकातून येत नाही. पण त्रिंकोमालीच्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहा. पोर्ट्समथला पोहोचल्यावर जवळजवळ पंचवीस वर्षे ते वापराविना राखीव पडून होते. १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात, १८५२ ते १८५७ प्रशांत महासागरात, एवढीच त्याची खरी सागरी नोकरी. नंतर राखीव खलाशांची प्रशिक्षण नौका म्हणून ते काही वर्षे ह्याच हार्टलपूलला होते. १८९७ साली मोडीत निघाले असता एका धनिकाने विकत घेऊन त्याला ‘फूद्रोयां’ हे नाव दिले आणि ते मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरले. त्या नावाने ते १९८६ पर्यंत फाल्मथ आणि पोर्ट्समथच्या बंदरांत तरुण मुलामुलींना जहाजावरचे जगणे शिकवत राहिले. १९८७ साली बार्जवर चढवून हार्टलपूलला आणले, १९९२ साली जुने नाव परत मिळाले आणि डागडुजी २००१ पर्यंत चालली. ह्या सगळ्या काळात लढाई किती आणि शाळा, दुरुस्ती, वाट पाहणे किती? जहाजाचे निम्म्याहून अधिक आयुष्य खलाशांना आणि मुलांना शिकवण्यात गेले असेल तर ते सांगायला तोफखान्यातलाच माणूस हवा असे नाही. शिवाय तुमच्यापुढे येणाऱ्यांत असे कोणीतरी निघेलच ज्याने लहानपणी फूद्रोयांवर सुट्टी काढली आहे. असा माणूस भेटला की तुम्ही बोलणे थांबवा आणि त्याला बोलू द्या.

तिसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: ‘आम्ही पुण्याचे, आमचा समुद्राशी काय संबंध?’ इथे मला जरा हट्टाने बोलावेसे वाटते. ज्या कसबा पेठेतल्या वाड्यात तुम्ही वाढलात तिथे डोक्यावर कडीपाट होता ना? जाड सागवानी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, वर फळ्यांचे पाटण, आणि पावसाळ्यात त्या लाकडाला येणारा तो विशिष्ट वास. आता पुढच्या रविवारी तोफांच्या मजल्यावर जाऊन मान वर करा. वरच्या मजल्याची जमीन खालून जशी दिसते ती तुमच्या ओळखीची आहे. सागवान वाळवी आणि पाणी कसे झेलते, त्यात तेल असते म्हणून ते कसे तुकतुकीत राहते, हे तुम्ही पुस्तक न उघडता सांगू शकता. त्याला एकच नवी गोष्ट जोडा: ओकच्या लाकडातल्या आम्लाने त्यात ठोकलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट हळूहळू खाल्ले जातात, सागवानातल्या तेलामुळे ते टिकतात. मुंबईची जहाजे दीर्घायुषी म्हणून नावाजली गेली त्यामागे हे एक साधे कारण आहे. त्रिंकोमालीची धाकटी बहीण शोभावी अशी, त्याच आराखड्याची ‘युनिकॉर्न’ ही नौका १८२४ साली इंग्लंडमधल्या चॅटमला पाण्यात उतरली आणि आज स्कॉटलंडमध्ये डंडी येथे आहे. जमल्यास एकदा जाऊन या. एकाच घाटाची दोन भांडी वेगवेगळ्या धातूंची असावीत तशी ही दोन जहाजे आहेत आणि दोन्हींत उभे राहून आलेला माणूस लाकडाबद्दल जे बोलेल ते ऐकणाऱ्याला पटेल.

आणि पुण्याचा संबंध तर साल-तारखेतच आहे. जहाज पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. खडकीची लढाई झाली त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला. मध्ये चोवीस दिवस. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा त्रिंकोमाली मुंबईच्या पाण्यातच होती, आणि पुढच्या वर्षी ती मुंबई सोडून निघाली तोवर बाजीराव शरण आला होता. तुमच्या वाड्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांचे राज्य ज्या शरद ऋतूत गेले त्याच ऋतूत, शंभरएक मैलांवर, एका पारशी मिस्त्रीच्या हाताखालचे सुतार इंग्रजांच्या आरमारासाठी हे जहाज सजवत होते. ह्या दोन घटना एका कालपटावर शेजारी ठेवायला मार्गदर्शकाला पुणे माहीत असावे लागते. तुमच्या सहकाऱ्यांना दोरखंड येतात, तुम्हाला हे येते, आणि एकमेकांना शिकवण्याजोगे हे दोन्ही आहे.

इथेच भावाच्या प्रश्नाला उत्तर देणे ओघाने येते, कारण तो प्रश्न मी हलका मानत नाही. कीर्ती गाणे आणि इतिहास सांगणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे उत्तर खरे असले तरी त्याने त्याचे समाधान होणार नाही, कारण अनेक संग्रहालयांत त्या दोन्ही मिसळलेल्या असतात. मी त्याला असे विचारीन: तुझी बहीण तिथे उभी राहिली नाही तर त्या जहाजाच्या जन्माची गोष्ट कोण सांगेल? त्याचे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत घराण्याची कारागिरी उभी राहिली. ब्रिटनबाहेर बांधली गेलेली ब्रिटिश आरमाराची पहिली ७४ तोफांची युद्धनौका ‘मिंडेन’ जमशेटजींनी १८१० साली पाण्यात सोडली. एप्रिल १८१६ मध्ये त्रिंकोमालीचा कणा, म्हणजे तळाचा मुख्य वासा, ठेवला तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. आपल्याकडे कोकणात नवी होडी पाण्यात लोटताना नारळ फोडतात ते ज्याने पाहिले आहे त्याला ह्या खिळ्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. हा प्रसंग हार्टलपूलच्या मुलांना तुमच्याच तोंडून ऐकायला मिळाला तर बरे.

पण भावाला उत्तर देण्याच्या भरात उलट टोकाला जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘तुमचे आरमार आमच्या कारागिरांनी बांधले’ हे वाक्य खरे आहे आणि ते म्हणताना ऊर भरून येणे साहजिक आहे. पण त्याच गोदीत, त्याच जमशेटजींनी बांधलेल्या ‘कॉर्नवालिस’ ह्या नौकेवर २९ ऑगस्ट १८४२ रोजी पहिल्या अफू युद्धात हरलेल्या चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या, आणि माळव्याची अफू त्या काळात मुंबई बंदरातूनच चीनकडे जात होती. आपल्या कारागिरीचा अभिमान आणि तिचा उपयोग कशासाठी झाला ह्याची अस्वस्थता, ही दोन्ही एकाच जहाजात बसलेली आहेत. तुमच्यासमोर कधी चिनी वंशाचे कुटुंब उभे असेल तेव्हा तुम्ही फक्त पहिली गोष्ट सांगाल का, ह्याचा विचार एकदा घरी करून ठेवा. माझे मत विचाराल तर दोन्ही सांगाव्यात आणि मग थोडे थांबावे. तसेच, कारागीर म्हणून जे नाव आपण घेतो ते गोदीच्या मुख्याचे. वाकस हातात धरून फळी तासणारे, सांध्यांत दोर ठासून त्यावर डांबर ओतणारे शेकडो हात त्याच्यामागे होते. जहाजाचे जुने लाकूड कुठे राहिले आहे हे देखभाल करणाऱ्यांना विचारा, त्यांच्या परवानगीने बॅटरीचा प्रकाश तिरका टाकून पाहा, आणि वाकसाची खूण कुठे सापडली तर पाहुण्यांना तिथे नेऊन उभे करा.

आता शिकायचे कसे. तुम्ही लिहिता की नौकानयनाच्या शब्दांचा जाडजूड कोश विकत घेतला आणि दहाव्या पानावर मिटला. तो मिटलेलाच राहू द्या, निदान सहा महिने. सुरुवात जहाजापासून करा. एका रविवारी काम सुरू होण्याआधी अर्धा तास लवकर जा, एकाच जागी उभ्या राहा आणि काहीही न वाचता जे दिसते ते मराठीत लिहून काढा. समजा, खलाशी जिथे झोळ्या टांगून झोपत ती जागा निवडली. ब्रिटिश आरमारात एका झोळीला १४ इंच रुंदी मिळे, हे सहकारी तुम्हाला सांगतील. तुम्ही घरून मोजपट्टी न्या आणि १४ इंच किती ते आधी स्वतः बघा. पाळीवर गेलेल्याची जागा रिकामी होत असल्याने प्रत्यक्षात थोडी ऐसपैस मिळे, हे तुम्हाला त्यानंतर सुचेल किंवा कोणी सांगेल, आणि पाळी म्हणजे काय, रात्री किती वेळा उठावे लागे, हे प्रश्न आपोआप येतील. अशी एक जागा पुरती कळायला महिना लागला तरी हरकत नाही. वर्षभरात दहा-बारा जागा झाल्या तर तुम्ही जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोलू शकाल आणि त्यातले बरेचसे तुम्ही स्वतः पाहून मिळवलेले असेल.

बँकेतली सवय इथे उपयोगी पडेल ती वहीत. प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करा: कागदावर आधार आहे, कोणीतरी सांगितले आहे, किंवा अजून तपासायचे आहे. हे मी आग्रहाने सांगते, कारण जहाजांभोवती सांगोवांगीच्या कथा शेवाळासारख्या चढतात. अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या मिंडेनच्या डेकवर १८१४ साली लिहिले गेले, ही कथा मुंबईत मोठ्या प्रेमाने सांगितली जाते आणि तुम्हालाही कोणीतरी सांगेलच. ते गीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री कैद्यांच्या सुटकेसाठी आलेल्या एका अमेरिकी नौकेवर होते, असे इतिहासकार मानतात. ही कथा सांगूच नये असे माझे म्हणणे नाही. ती ‘अशी कथा आहे’ म्हणून सांगावी आणि ती मुंबईकरांना इतकी का आवडते हेही सांगावे. जमा आणि नावे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवण्याचे तुमचे तीस वर्षांचे वळण ह्या बाबतीत कोणत्याही निवृत्त नौसैनिकाच्या आठवणींहून भरवशाचे आहे.

सालांची भीती वाटत असेल तर पाठांतर करू नका. एक दोरी समजा आणि तिला मोजक्याच गाठी मारा: १८१२ हुकूम, १८१७ मुंबईत जलावतरण, १८४७ पहिली नोकरी, १८९७ मोडीतून सुटका, १९८७ हार्टलपूल. ह्या पाच गाठी हाताला सापडत राहिल्या की मधले प्रसंग त्यांवर टांगता येतात. नेपोलियनची चूक झाली ती दोरी नव्हती म्हणून. १८१५ ही एक गाठ अगोदर असती तर वाक्य तोंडातून निघतानाच अडखळले असते.

इंग्रजीविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याने मला वाईट वाटले. तिथल्या लोकांची बोली तुम्हाला कळायला वेळ लागतो, तशी तुमची त्यांना, आणि ही दोन्ही बाजूंची अडचण आहे. जी गोष्ट इंग्रजीत सांगायची ती आधी फोनवर भावालाच मराठीत सांगा. त्याला कंटाळा आला तर समजावे की गोष्ट अजून तयार नाही. तो मध्येच प्रश्न विचारू लागला तर ती तयार झाली. मग तीच छोट्या वाक्यांत इंग्रजीत मांडा. शिवाय समुद्राच्या इंग्रजीत आपल्या किनाऱ्यांचे शब्द आधीपासून बसलेले आहेत. आपला सारंग आणि तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, इंग्रजांच्या जहाजी नोंदींत थोड्या वेगळ्या उच्चाराने सापडतात, डिंगी तर जगभर गेली, सागवानाचे इंग्रजी नाव मलबारच्या भाषेतून आले आणि काथ्याचेही तसेच. पाहुण्यांना हे सांगून पाहा. त्यांच्या भाषेत आपले शब्द आहेत म्हटल्यावर तुमच्या उच्चारांकडे ऐकण्याची त्यांची तऱ्हा बदलते.

सहकाऱ्यांकडून शिकताना एक करा. त्यांच्या फेरीत पाहुण्यांच्या मागे उभ्या राहून ऐका आणि नंतर एकच प्रश्न विचारा, तोही हाताशी असलेल्या वस्तूचा: हा दोर कुठे जातो, ही कप्पी कशाला. जुन्या दर्यावर्दी माणसांना असा प्रश्न आवडतो. ते नेमके काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे मागे वाचनाची ओढ लागली तर आरमारी जहाजांच्या रोजनिश्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असतात, आणि कंपनीच्या काळातली मुंबई सरकारची कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात. हे लगेच करण्याचे काम नाही. पण दोन वर्षांनी एखादा प्रश्न असा येईल की त्यासाठी गाडी पकडून जावेसे वाटेल.

दुकानात बसावे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ते काम कमी दर्जाचे नाही. गुडघे दुखत असतील, खालच्या मजल्यांवर वाकून चालणे झेपत नसेल तर अवश्य मागा. पण तुमच्या पत्रात गुडघ्यांचा उल्लेख नाही, फक्त भीतीचा आहे. म्हणून मधला मार्ग सुचवते. पुढचे तीन महिने संपूर्ण फेरी घेऊ नका. एका ठिकाणी, म्हणजे मी म्हणेन तोफांच्या मजल्यावर त्या कडीपाटाखाली, उभ्या राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त लाकूड आणि मुंबई ह्यांविषयी सांगा. इतर काही विचारले तर ‘हे मला ठाऊक नाही, पण शोधून ठेवते, पुढच्या वेळी विचारा’ असे स्वच्छ म्हणा, आणि खरोखर शोधून ठेवा. तीन महिन्यांनी मन म्हणाले की नको, तर तेव्हा दुकान आहेच.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी चार ओळी. ताईंसारखे अनेकजण निवृत्तीनंतर संग्रहालयात काम करू पाहतात आणि ‘आमचे शिक्षण त्यातले नाही’ म्हणून दारातून परततात. मुंबईत राहणाऱ्यांनी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या होड्यांच्या प्रतिकृतींपुढे एक दुपार घालवावी. कोकणातल्यांनी आपल्या खाडीवर होड्या बांधण्याची जागा कुठे उरली आहे ते पाहावे आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिराशी बोलावे. समुद्राचा इतिहास समुद्रावरच संपत नाही. आरमाराला सागवान पुरेना म्हणून कंपनीने १८०६ साली मलबारात वॉटसन नावाच्या कप्तानाला जंगलांचा पहिला संरक्षक नेमले, म्हणजे ज्याने आयुष्यभर वनखात्यात नोकरी केली त्यालाही ह्या जहाजात शिरायला दार आहे. आपण कोणत्या दाराने शिरतो हे ओळखले की पुढचे शिकणे आपल्या वेगाने होते.

ताई, ते वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन तिथे पुन्हा येतील असे मला वाटते; ज्याला ती साले तोंडपाठ आहेत तो काही एकदाच आलेला नसतो. आले तर त्यांना सेंट हेलेनाची हकिकत सांगा, आणि त्यांच्यामुळे ती सापडली हेही सांगा. नातू बहुधा विचारील की तो डॉक्टर जहाजावर नेमका कुठे झोपत होता. त्याआधीच्या रविवारी जाऊन, प्रवाशांना त्या काळी कोणत्या मजल्यावर जागा देत, हे तुमच्या त्या दोरखंडवाल्या सहकाऱ्यांना विचारून ठेवा.